सोजरबाईची भिंत

सोजरबाईंच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझी नीलिमा दोन वर्षांची होती आणि माझ्या खांद्यावर झोपली होती. सोजरबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "बसा की," म्हणाल्या, म्हणून मी समोरच्या भिंतीशी मोकळी जागा पाहून पोरीला खाली निजवायला वाकले. तशा त्या पिठाच्या हातांनीच उठल्या आणि माझा दंड धरला.

"तिथं नगं, मास्तरीणबाई. हिकडं निजवा, चुलीकडं."

मला वाटलं, देवाची जागा असेल. पण देव होते पलीकडच्या फडताळात. एवढंसं ते घर. धान्याच्या कणग्या, पेट्या, म्हशीच्या पेंडीची पोती, सगळं एकमेकांच्या अंगावर आलेलं, आणि त्या भिंतीशी मात्र एका वाकळेएवढी जागा स्वच्छ सारवून रिकामी ठेवलेली. तिथे कुणी बसत नव्हतं, काही ठेवतही नव्हतं. भिंतीत वर एक भोक होतं, खुंटी उपटून काढल्यासारखं.

सत्त्याहत्तर साली आम्ही थेरगावात त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो होतो. माझे यजमान चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. थेरगाव तेव्हा खरोखरच गाव होतं. सकाळी कंपनीला जाणाऱ्या सायकलींची रांग निघायची आणि तिच्यामागून म्हशी पवना नदीकडे जायच्या. सोजरबाईंचे यजमान ज्योतीराम एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली होती. मशिनमध्ये सापडली असतील असं मी धरून चालले. त्या पट्ट्यात बोटं गेलेली माणसं काही कमी नव्हती.

खरी गोष्ट मला वर्षभराने कळली. नीलिमाला ताप आला होता आणि सोजरबाई दिवसभर आमच्या उंबऱ्यावर बसून होत्या. आत या म्हटलं तर येत नव्हत्या, घरी जा म्हटलं तर जात नव्हत्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "अंगावर काळंनिळं काय उठलंय का? हिरड्यातनं रगत येतंय का?" डॉक्टरांनी साधा ताप म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आपण होऊन बोलायला लागल्या.

ज्योतीराम आधी वेल्डर होते. त्यांच्या कारखान्यात बॉयलरचे जाड नळ जोडले जायचे. जोडाच्या आत पोकळी राहिली आहे का, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याचा फोटो काढायचे, आपण छातीचा काढतो तसा. त्यासाठी मुंबईहून ठेकेदाराची माणसं एक जड डबा घेऊन यायची. डब्यात किरण टाकणारी एक गोळी असायची. सुट्टीच्या दिवशी शेड रिकामी करून ती माणसं काम उरकायची आणि जायची. कामगारांना एवढंच ठाऊक होतं की फोटोवाले आले की आत जायचं नाही. का जायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बहात्तर सालच्या एका सुट्टीनंतर ज्योतीराम कामावर गेले. शिफ्ट सुटताना त्यांना नळाखाली काहीतरी चकाकताना दिसलं. करंगळीच्या पेराएवढं, गुळगुळीत, स्टीलसारखं. त्यांनी उचललं, चिमटीत फिरवून पाहिलं. त्यांची मुलगी छबू तेव्हा दोन वर्षांची होती आणि चकचकीत काही दिसलं की हरखायची. तिला दाखवू म्हणून त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि सायकलवर टांग मारली.

घरी आले तेव्हा छबू झोपली होती, भिंतीशी, वाकळेवर. त्यांनी सदरा तिच्या वरच्या खुंटीला अडकवला आणि जेवायला बसले. मग विसरले.

"रातभर ती त्याच्याखाली व्हती," सोजरबाई म्हणाल्या. "म्या मधी उठून पांघरूण घातलं. मला काय दिसलं न्हाई. उजेड न्हाई, वास न्हाई, ऊब न्हाई. काय बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराची दोन माणसं आली, हातात किरण शोधणारी एक पेटी घेऊन. त्यांनी आधी शेड धुंडाळली होती, मग कामगारांची घरं एकामागून एक. पेटी टकटक वाजत होती. दारात जरा जोरात, आत आणखी जोरात, आणि सदऱ्यापाशी तर पावसाळ्यात पत्र्यावर सर पडावी तशी. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. लांब चिमट्याने गोळी उचलून शिशाच्या भांड्यात टाकली, सदरा गुंडाळून घेतला. जाताना एकजण म्हणाला, जुनी गोळी आहे, जोर कमी झालेला आहे, घाबरू नका, आणि याची चर्चा करू नका.

पंधरवड्याने ज्योतीरामांच्या छातीवर खिशाच्या जागी लाल चट्टा आला, मग जखम. बोटं काळी पडली. पुण्याच्या दवाखान्यात त्यातली दोन काढावी लागली. मालकाने फाटकावर पहाऱ्याचं काम दिलं, त्यातच उपकार मानावेत असं. छबूला काही झालं नाही. ती वाढली, शाळेत जायला लागली, गुरांमागे पळायला लागली. सहाव्या वर्षी तिला ताप आला तो उतरेना. पायांवर निळे डाग उठले. दवाखान्यात सांगितलं, रक्ताचा कर्करोग. सोजरबाईंनी डॉक्टरांना खुंटीची सगळी हकीकत सांगितली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हा रोग असाही होतो. त्यामुळे झाला का, सांगता येत नाही."

छबू गेल्यावर त्यांनी खुंटी उपटून नदीत टाकली. पण भिंत कुठे टाकणार? "त्यांनी गोळी नेली," त्या मला म्हणाल्या. "पर रातभर जे निघालं त्यातनं, त्ये कुटं गेलं? भितीत न्हाई मुरलं कशावरनं?" घरात पाल चुकचुकली की बाकीच्या बायका जमिनीवर बोट आपटून देवाचं नाव घेतात. सोजरबाई हातातलं काम टाकून त्या भिंतीकडे बघत राहायच्या. तो आवाज पेटीसारखाच, म्हणायच्या.

एकोणऐंशीच्या मार्चअखेरीस अमेरिकेतल्या एका अणुभट्टीत अपघात झाला आणि पेपर त्याच बातम्यांनी भरून जाऊ लागले. आमच्याकडे तोवर कारखान्यांच्या फाटकांवर बोनस सोडून दुसरा विषय नसायचा. आता न्हाव्याच्या दुकानातसुद्धा अणू आला. आपल्याकडे असं झालं तर? वारा कुठून कुठे जाईल? एकजण म्हणायचा, वीजकपातीत अर्धा दिवस मशिनं बंद राहतात, अणूची वीज नको तर काय पणत्या लावणार? दुसरा म्हणायचा, देहूरोडच्या दारूगोळ्याच्या कोठारातला बार निदान कानाला ऐकू तरी येतो, हे ऐकूही येत नाही. त्यातच अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा डोक्यावर पडणार अशी हूल उठली. लोक वर बघत चालायला लागले.

त्या उन्हाळ्यात चिंचवडच्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी अणुविजेवर जाहीर चर्चा ठरली. बाजूने बोलणार होते शरच्चंद्र देवस्थळी, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन निगडीला स्थायिक झालेले शास्त्रज्ञ. विरोधात पद्मजाबाई, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या. ज्योतीरामांच्या हाताची आणि छबूची गोष्ट कुणीतरी पद्मजाबाईंच्या कानावर घातली होती. त्या चर्चेच्या आठवडाभर आधी थेरगावात आल्या, उन्हातून पायी. ज्योतीरामांना म्हणाल्या, "तुम्ही फक्त व्यासपीठावर बसा. बोलायची गरज नाही. लोकांना हात दिसू द्या."

ज्योतीरामांनी हात धोतराच्या घोळात घेतला. "न्हाई बाई. नोकरी हाय तेवढी राहू द्या."

पद्मजाबाईंनी आग्रह केला नाही. निघाल्या, तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, "म्या येते. व्यासपीठावर नगं, खाली बसंन. मास्तरीणबाईंसंगं."

सभागृह गच्च भरलं होतं. देवस्थळी पहिल्यांदा बोलले. उंच, किडकिडीत माणूस, आवाज मऊ. कोळशाच्या खाणीत किती माणसं मरतात, धरणं फुटतात तेव्हा काय होतं, अणुभट्टीभोवती किती भिंती असतात, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. सोजरबाई मन लावून ऐकत होत्या. भिंतींचं आलं तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "मानूस खोटं बोलत न्हाई वाटतं."

मग पद्मजाबाई उठल्या. त्यांनी अमेरिकेपासून सुरुवात केली आणि थेरगावला आल्या. नाव घेतलं नाही. एक कामगार, एक गोळी, एक खुंटी. "आणि त्या खुंटीखाली झोपलेल्या मुलीला," त्या म्हणाल्या, "किरणोत्सर्गाने मारलं."

सोजरबाई उभ्या राहिल्या. मी पदर ओढला, पण त्यांना ते कळलंही नसावं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ती माझी छबू. तुमाला नक्की कळलं का, त्यानंच गेली म्हून? डागदरला बी कळलं न्हवतं. कळलं आसंल तर मला सांगा. म्या तेवढ्यासाटी आले."

पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. त्या बाई सोजरबाईंना फसवायला आलेल्या नव्हत्या. बोलण्याच्या भरात वाक्य निघून गेलं होतं. त्या म्हणाल्या, "नक्की नाही सांगता येत, सोजरबाई. मी तसं म्हणायला नको होतं. पण झालं असणं शक्य आहे."

सोजरबाई देवस्थळींकडे वळल्या. "आन तुमी सांगा, दादा. त्यानं न्हाई झालं, असं तरी नक्की हाय का?"

देवस्थळींनी पुढ्यातले कागद बाजूला सारले. "शक्यता फार थोडी आहे," ते म्हणाले. "पण नाहीच, असं मी म्हणू शकत नाही."

सोजरबाई खाली बसल्या. चर्चा पुढे चालली, टाळ्याही झाल्या.

सभेला थेरगावची माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई नेहमीसारख्या रतिबाच्या दुधाची चरवी घेऊन निघाल्या आणि भरलेलीच परत घेऊन आल्या. कुणी म्हणालं आज पाहुणे गावाला गेले, कुणी म्हणालं पोराला दूध पचत नाही. त्यांची सख्खी जाऊ गिरजाबाई मात्र तोंडावर बोलली. "तुझ्या घरात त्ये किरन हायेत. म्हस तुझ्याच दारात बांदलेली. लेकरांना कसं पाजू?" गिरजाबाईची पोरं सोजरबाईंच्या ओसरीवर खेळायची, ती यायची बंद झाली. ज्योतीरामांच्या हातचा विडा पारावर कुणी घेईना. इतकी वर्षं तो हात सगळ्यांनी पाहिला होता. सभेनंतर तो लोकांना नवीन झाला.

आमच्या घरातही बोलणं निघालं. यजमान म्हणाले, खोली बदलूया, पोर लहान आहे. मी शिकलेली बाई. त्यांना नाही म्हटलं खरं, पण नीलिमाची गादी मी सोजरबाईंच्या आणि आमच्या घरांमधल्या भिंतीपासून ओढून पलीकडे नेली. सोजरबाईंनी ते खिडकीतून पाहिलं.

मी पद्मजाबाईंना गाठून हे सगळं सांगितलं. त्यांनी तपासायचे पेपर बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "हे मी निस्तरायला हवं, पण माझ्या एकटीच्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही." त्या स्वतः देवस्थळींकडे गेल्या. पुढच्या रविवारी दुपारी दोघं मिळून आमच्या गल्लीत आले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं किरण मोजायचं यंत्र, त्या जुन्या पेटीसारखंच, देवस्थळींच्या खांद्याला लटकत होतं, त्याची नळी पद्मजाबाईंच्या हातात. व्यासपीठावर भांडणारी ती दोन माणसं एकमेकांना खाचखळग्यांतून वाट दाखवत येताना पाहून लोक बाहेर आले. ज्योतीराम मात्र पेटी बघताच उठून गोठ्यात गेले.

देवस्थळींनी खटका दाबला. टक. जरा थांबून, टक टक. पुन्हा टक.

सोजरबाईंनी दाराची चौकट धरली. "वाजतंय," त्या म्हणाल्या.

"थांबा, भिंतीपाशी नेऊ," देवस्थळी म्हणाले. पद्मजाबाईंनी नळी त्या रिकाम्या जागेवर धरली, मग भोकापाशी, मग भिंतीवरून हळूहळू फिरवली. टक. टक टक. आवाज वाढला नाही. देवस्थळींचा चेहरा खुलला. "पाहिलंत? दारात जेवढं तेवढंच इथे. भिंतीत काही मुरत नाही, बाई. गोळी गेली त्या क्षणी सगळं गेलं. तुमचं घर स्वच्छ आहे."

"पर वाजतंय की," सोजरबाई म्हणाल्या.

"हे सगळीकडेच वाजतं. दगडात थोडं असतं, मातीत असतं, आकाशातून येतं. हे आधीपासूनचं आहे. याने काही होत नाही."

"म्हशीपाशी धरा."

त्यांनी धरलं. टक. टक टक.

"गिरजीच्या दारात धरा."

गिरजाबाई आत पळाली, पण नळी तिच्या उंबऱ्यावर धरलीच. तितकंच वाजलं. मग माझ्या दारात. मग पारापाशी, जिथे पुरुषमाणसं बसली होती. सगळीकडे तेच. शेवटी सोजरबाईंनी नळी आपल्या छातीवर ठेवायला सांगितली. भर दुपारी अख्खी गल्ली भोवती उभी होती आणि त्या म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बाईच्या छातीवर ते यंत्र मधूनच वाजत होतं.

"म्हंजी समदीकडंच हाय," त्या म्हणाल्या. "म्या येड्यावानी एका भितीला राखत बसले."

देवस्थळींना आपलं काम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं आणि एका अर्थाने ते झालंही. चार दिवसांत गिरजाबाईची पोरं ओसरीवर आली, दूध पुन्हा जायला लागलं. लोकांना पटलं की सोजरबाईंच्या घरात वेगळं काही नाही. पण सोजरबाईंची गोष्ट उलटी झाली. आधी त्यांची भीती एका वाकळेएवढ्या जागेत होती, सांभाळता येत होती. आता त्या विहिरीवर कळशी भरताना मध्येच थबकायच्या. शेतात ढेकूळ उचलून कानाशी धरायच्या. मला एकदा म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमाला न्हाई का ऐकू येत?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, मला समजत नाही हे समजून घेतल्यासारखी.

पद्मजाबाई येत राहिल्या. भाषणाला माणूस शोधायला म्हणून आलेली बाई नंतर नुसतीच यायची, शेंगा फोडत बसायची. एकदा त्यांनी सांगितलं, देवस्थळींनी वर्तमानपत्रात लिहिलंय की अणुभट्टी आणि कारखान्यातली फोटोची गोळी यांची गल्लत करू नये. सोजरबाईंनी विचारलं, "त्या गोळ्या आता बंद झाल्या का?" पद्मजाबाई म्हणाल्या, "नाही. वाढल्या. नवे कारखाने आलेत ना, भोसरीकडे."

"आन तिथल्या मानसांना सांगत्यात का, काय हाय त्ये?"

पद्मजाबाई सुपातल्या शेंगा पुन्हा फोडायला लागल्या.

ऐंशीच्या दिवाळीनंतर सोजरबाई दुपारच्या दुधाची चरवी रिकामी झाली की तशाच पुढे चालत जायला लागल्या. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहायच्या, फोटोवाले जिथे येतात तिथे. माणसं सायकली हातात धरून बाहेर पडली की म्हणायच्या, "बाबांनो, खाली चकचकीत काय पडल्यालं दिसलं तर हात लावू नगा. साहेबाला हाक मारा. खिशात घालू नगा. घरी लेकरं हायेत." एवढंच. त्यात अणुभट्टी नव्हती, अमेरिका नव्हती. काही माणसं थांबून ऐकायची. काही हसायची, "ए, गोळीवाली आली." ज्योतीराम ज्या फाटकावर पहाऱ्याला होते तिथे त्या पहिल्यांदा गेल्या, तेव्हा मालकाने ज्योतीरामांना बोलावून विचारलं, ही बाई कोण? ज्योतीराम म्हणाले, "माझी मालकीन हाय. बोलू द्या तिला." नोकरी जाईल म्हणून ज्यांनी हात धोतरात लपवला होता, ते हे बोलले, याचं मला फार वाटलं. नोकरी गेली नाही. पण मालकाने त्यांना आतल्या बाजूच्या फाटकावर टाकलं, जिथून सोजरबाई दिसायच्या नाहीत.

त्र्याऐंशीत आमची बदली झाली. त्याआधी एका दुपारी मी शाळेतून येताना त्या मला चिंचवडला एका फाटकाशी दिसल्या. शिफ्ट सुटून गेली होती. रस्ता रिकामा, ऊन रणरणत होतं, आणि त्या उभ्याच होत्या.

"चला, मावशी, घरी," मी म्हटलं.

"व्हय, चला," त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. मग विचारलं, "कुणी ऐकलं आसंल, आन हात लावला नसंल, तर त्ये आपल्याला कसं कळायचं?"

"नाही कळायचं," मी म्हटलं.

"त्ये बी न्हाईच कळायचं," त्या म्हणाल्या. फाटकाच्या आतून कुठूनतरी लोखंडावर हातोडी पडल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी सावलीच्या कडेने घराकडे निघालो. वाटेत त्या दोनदा थांबल्या, कान देऊन, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी थांबले.